आधी ओल शोधा, मग रंग लावा

(श्रावणात सामुदायिक रेडिओवर, बायकांच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून इथे छापत आहोत. बोलणाऱ्या ताई कोकणातल्या निवृत्त आरोग्यसेविका आहेत.)



श्रावण निम्मा सरला, गणपती तोंडावर आले. आता घरोघरी एकच घाई. माळ्यावरची भांडी काढायची, जळमटं झाडायची, भिंतींना रंग द्यायचा. चाकरमानी येणार, पाहुणे येणार, त्यांना भिंतीवरचे काळे डाग दिसायला नकोत. म्हणून रंगाचा डबा आणायचा आणि डागावर ब्रश फिरवायचा. आज मी एवढंच सांगायला आले आहे, की तो डबा उघडण्याआधी थोडं थांबा. मुलं झोपतात त्या खोलीत तर नक्कीच थांबा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्याच घरात तीन वर्षं ही चूक झाली, आणि त्यात माझाही वाटा होता.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. जुन्या घराला लागून त्यांनी स्लॅबची नवी खोली बांधली होती. चिऱ्याच्या भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, पश्चिमेला एक लहानशी खिडकी. पोरगं त्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लागून झोपायचं. आषाढ लागला की त्याचा खोकला सुरू व्हायचा तो दसऱ्यापर्यंत. दिवसा ठीक, रात्री दोन-तीन वाजता ढास. छातीत शिट्टीसारखा आवाज. औषधाच्या बाटल्या किती झाल्या त्याला मोजदाद नाही. आजोळी चार दिवस गेला की मात्र खोकला निम्म्यावर यायचा. आम्ही म्हणायचो, हवापालट झाला.

त्याच्या उशाशी भिंतीवर काळे ठिपके होते. माझी जाऊ ते पुसायची, पंधरा दिवसांत परत यायचे. पहिल्या गणपतीला तिथे डिस्टेंपर लावला, दुसऱ्या वर्षी ऑइलपेंट, तिसऱ्या वर्षी आणखी महागातला रंग. दर वर्षी दिवाळीपर्यंत पोपडे सुटायचे आणि आतून तोच काळा डाग बाहेर यायचा. आणि मी, तीस वर्षं आरोग्य खात्यात नोकरी केलेली बाई, तिला चारचौघींत म्हणाले होते, "अगं, जरा खोली स्वच्छ ठेवत जा, म्हणजे पोर आजारी पडणार नाही." ती काही बोलली नाही. घरात सगळ्यात जास्त झाडलोट तीच करायची. ते वाक्य मला आजही टोचतं. का, ते पुढे सांगते.

बुरशी येते कुठून?

भाकरी डब्यात राहिली की तिच्यावर बुरा येतो, चामड्याच्या चपलेवर पांढरं-हिरवं येतं, लोणच्यावर येतं. भिंतीवरचा काळा डाग हा त्याच जातीचा. ती बुरशी आहे. तिचं बी म्हणजे बीजाणू. ते इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. ते सगळीकडे असतात, हवेत, अंगणात, तुमच्या माझ्या पदरावर. ते घरात येऊ नयेत असं कुणालाच करता येणार नाही.

पण नुसतं बी असून पीक येत नाही, त्याला पाणी लागतं. बुरशीचं तसंच आहे. खायला तिला धूळ, रंग, लाकूड, कागद, कापूस काहीही चालतं. अडतं ते फक्त पाण्यावाचून. एखादी जागा भिजली आणि एक-दोन दिवसांत सुकली नाही, की ती तिथे धरते. म्हणून बुरशी आली याचा अर्थ घर घाण आहे असा नाही. बुरशी आली याचा अर्थ तिथे ओल आहे. हे एकच वाक्य आज घरी घेऊन जा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचंही सांगणं हेच आहे, की मुरून राहिलेली ओल घालवणं हा मुख्य उपाय.

मुलांनाच जास्त त्रास का?

बुरशी हवेत बीजाणू सोडत राहते. ते श्वासातून आत जातात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण ज्यांना ऍलर्जी आहे, दम्याची प्रवृत्ती आहे, त्यांना शिंका, नाक गळणं, डोळे खाजणं, खोकला, छातीत घरघर सुरू होते. लहान मुलाच्या श्वासनळ्या अरुंद असतात. थोडी सूज आली तरी वाट चिंचोळी होते. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. आणि ते झोपतं किती? दहा-अकरा तास. तेवढा वेळ नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर.

तुमच्या मुलाचा खोकला ओलीमुळे वाढतोय का, याची काही चिन्हं आहेत. खोकला रात्री आणि पहाटे जास्त येतो. पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो. दुसऱ्या घरी राहायला गेलं की बरं वाटतं. त्या खोलीत शिरल्यावर कुबट वास येतो. रोज तिथेच राहणाऱ्याला तो वास कळेनासा होतो, म्हणून शेजारणीला बोलावून विचारा. यातलं दोन-तीन जुळत असेल तर भिंतीकडे बघा, आणि मुलाला डॉक्टरांना दाखवताना ओलीची गोष्टही सांगा. आपण खोकला सांगतो, खोली सांगत नाही.

ओल चार वाटांनी येते

आता मुख्य काम. ओलीचा माग काढायचा.

पहिली वाट वरून. कौल फुटलं, सरकलं, वासा कुजला किंवा स्लॅबला चीर गेली, तर पाणी वरून उतरतं. अशा वेळी छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला तपकिरी कडेचा डाग दिसतो. मोठा पाऊस झाला की तो पसरतो. स्लॅबवर पाणी तुंबतं का, पाणी जायच्या भोकात पाला अडकलाय का, ते आधी बघा. पुष्कळदा मूठभर पाला काढला की काम होतं.

दुसरी वाट बाजूने. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते. जांभा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. बाहेरून गिलावा नसेल, सांधे उघडे असतील, वळचण आखूड असेल, तर भिंत पाणी पीत राहते. आपल्या सासवा पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधत. ते उगीच नव्हतं. आता झाप गेले, वळचणी आखूड झाल्या, आणि भिंती उघड्या पडल्या.

तिसरी वाट खालून. जोत्याशी पाणी साचलं की ते भिंतीतून वर चढतं, दिव्याची वात तेल ओढते तसं. अशी ओल जमिनीपासून कमरेपर्यंत दिसते, तिच्या वरच्या कडेला पांढरी खारट पूड येते आणि गिलावा भुसभुशीत होतो. बाहेर जाऊन बघा. न्हाणीचं पाणी तिथून जातं का? पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडतात का? भिंतीला टेकून माती, लाकडं, शेणी रचल्यात का? अंगणाला सिमेंट केलं त्याचा उतार घराकडे आहे का?

चौथी वाट हवेतून. ही कुणाच्या लक्षात येत नाही. चार माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली, तर त्यांच्या श्वासातून आणि घामातून तांब्याभर पाणी हवेत जातं. पावसाळ्यात कपडे त्याच खोलीत दोरीवर. एकदा पिळलेल्या कपड्यांची बादली उचलून बघा, आणि वाळल्यावर तेच कपडे घालून पुन्हा उचला. जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी खोलीने पिलं. शेजारी चूल असेल, भाताची वाफ असेल, तर ती वेगळी. हे पाणी गार भिंतीवर जाऊन बसतं. म्हणून अशी बुरशी कोपऱ्यात, कपाटामागे, गाद्यांच्या ढिगामागे, हवा फिरत नाही तिथे येते.

प्लास्टिकची परीक्षा

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. भिंतीचा हातभर भाग कोरड्या फडक्याने पुसा. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा वीत-दीड वीत चौकोनी तुकडा घ्या आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवस तसाच ठेवा. मग बघा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब पुढे, खोलीच्या बाजूला असतील, तर पाणी हवेतलं आहे. दोन्हीकडे असतील तर दोन्ही कामं करायची. आणि चिकटपट्टी भिंतीला धरतच नसेल, तर परीक्षा न करताच उत्तर मिळालं, भिंत ओली आहे!

आमच्या घरी थेंब मागे आले. मग मी गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. तो खोलीत आलाच नाही. म्हणाला, "वहिनी, डाग आत असला तरी कारण बाहेर असतं." पश्चिमेकडे जाऊन त्याने अंगणात तांब्याभर पाणी ओतलं. ते पाणी सरळ भिंतीच्या पायाशी जाऊन थांबलं. खोली बांधल्यावर त्याच वर्षी अंगणाला सिमेंट केलं होतं, त्याचा उतारच घराकडे होता. वर पन्हळ नव्हती, पागोळ्या तिथेच पडत होत्या. आणि त्याच कोपऱ्यात कोरडी राहावीत म्हणून लाकडं रचली होती. ती रचायला मीच सांगितलं होतं.

म्हणजे तीन वर्षं भिंत बाहेरून पाणी पीत होती आणि आम्ही आतून रंग लावत होतो. ऑइलपेंटने तर आणखी घात केला. भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद झाली, म्हणून पोपडे सुटत होते. आणि बोल कुणाला? जिचं पोर रात्रभर खोकत होतं तिला.

मैत्रिणींनो, हे आपल्याच गावात घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं शहर आहे. तिथे २०२० च्या डिसेंबरमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा श्वासाच्या आजाराने गेला. घर भाड्याचं होतं, भिंतींवर बुरशी होती. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांना बुरशीवर रंग मारायला सांगितलं गेलं, त्यांच्या राहणीला दोष दिला गेला. २०२२ साली मृत्यूच्या चौकशीत निष्पन्न झालं, की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळेच तो आजार झाला होता. त्यानंतर तिथे त्या बाळाच्या नावाने कायदा झाला, की अशा सामाजिक घरांतली ओल आणि बुरशी घरमालक संस्थेने ठरलेल्या मुदतीत दुरुस्त केलीच पाहिजे. असा शेवट क्वचितच होतो, घाबरून जाऊ नका. पण बुरशीवर रंग मारा आणि आईला बोल लावा ही चूक तिथेही झाली, इथेही झाली, हे ध्यानात ठेवा.

आता पावसात काय करायचं?

गवंडीकाम पाऊस उघडल्याशिवाय होणार नाही. पण आज संध्याकाळपासून करता येतील अशा गोष्टी पुष्कळ आहेत.

मुलाची झोपायची जागा बदला. घरातल्या सगळ्यात कोरड्या भिंतीकडे, आणि भिंतीपासून निदान वीतभर लांब. जागा नसेल तर मुलाला माजघरात घ्या आणि त्या खोलीत सामान ठेवा. यासाठी पैसा लागत नाही, फक्त घरात बोलावं लागतं.

गादी जमिनीवर पसरून ठेवू नका. सकाळी उचलून उभी करा, खालची बाजू वाऱ्याला लावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नका. पडवीत घाला. इलाज नसेल तर ज्या खोलीत कुणी झोपत नाही तिथे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

उघडीप मिळाली की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. दहा-पंधरा मिनिटं वारा आरपार जाऊ दे. पंखा असेल तर लावा. खिडकीला प्लास्टिक ठोकून ती कायमची बंद करू नका. झड येत असेल तर बाहेरून पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छपरं काढा, म्हणजे पाणी अडेल आणि वारा येईल.

बाहेरच्या बाजूला भिंतीला टेकलेली लाकडं, माती, विटा हलवा. फावड्याने चर काढून पाणी घरापासून लांब न्या. पागोळ्यांखाली पत्र्याची किंवा चिरलेल्या पाइपची पन्हळ लावा.

बुरशी पुसायची कशी?

डाग तीन फूट लांब, तीन फूट रुंद एवढ्याच्या आत असेल तर घरी पुसता येतो. त्याहून मोठा असेल तर आधी गवंड्याला दाखवा.

मुलाला दुसऱ्या घरी पाठवा. जिला दमा आहे, जी गरोदर आहे, तिने हे काम करू नये. नाकातोंडाला मास्क लावा. औषधाच्या दुकानात घट्ट बसणारा एन-९५ मास्क मिळतो, तो चांगला. हातात रबरी मोजे घाला. आतलं दार बंद करा, खिडकी उघडा.

कोरडा झाडू किंवा कोरडा ब्रश मुळीच मारू नका. त्याने बीजाणू खोलीभर उडतात. दोन बादल्या घ्या, एकीत कपड्याच्या साबणाचं पाणी, दुसरीत साधं पाणी. साबणाच्या फडक्याने डाग आधी ओला करा, मग हलक्या हाताने चोळा. साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि वारा लागू द्या. फडकी टाकून द्या. अंगावरचे कपडे धुवा, आंघोळ करा, मगच मुलाला जवळ घ्या.

मातीच्या भिंतीचं वेगळं आहे. ती अशी धुता येणार नाही. वरचा बुरशीचा थर किंचित ओलसर करून खरवडून काढा, लांब नेऊन टाका, आणि उघडीप बघून नव्याने लिंपा. सतत पाऊस असताना मुलाच्या खोलीत ओलं सारवण करू नका, ते सुकत नाही.

गोधडी, चादरी गरम पाण्यात धुवून कडकडीत वाळवा. कापसाच्या गादीत किंवा उशीत बुरशी आत शिरली असेल, तर ती मुलाला देऊ नका. पिंजून पुन्हा भरू नका, पिंजताना सगळं उडतं. जीवावर येतं, पण टाकलेली बरी.

जिवावर बेतणाऱ्या तीन गोष्टी

एक. ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, आणि संडास धुवायचं ऍसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. नुसतं ब्लीचिंगही लागत नाही. ते चिऱ्याच्या आत पोचत नाही, वरचा रंग उडतो आणि बुरशी गेली असं वाटतं. साबण पुरतो.

दोन. खोली सुकावी म्हणून रात्री दार लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका. कोळशातून निघणाऱ्या वायूला वास नसतो. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. बाळंतिणीच्या खोलीतही हे लक्षात ठेवा. कुबट वास जावा म्हणून धूप, धुरी, मच्छरची कॉइल लावली, तर खोकणाऱ्या मुलाला आणखी त्रास होतो.

तीन. डांबराच्या गोळ्या वास झाकतात, ओल घालवत नाहीत. मुलाने खाऊ समजून तोंडात घातल्या तर विष आहे.

श्रोत्या मैत्रिणींचे प्रश्न

एका ताईंनी विचारलंय, मग भिंतीला लावायचं तरी काय? ओलीचं कारण काढलं आणि भिंत पूर्ण सुकली, की चुन्याची सफेदी लावा. ताज्या चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडू शकते. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, आधी तो रंग खरवडावा लागेल. चुना विरवताना उकळ्या फुटतात, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. तेव्हा मुलांना लांब ठेवा. या गणपतीत भिंत सुकली नाही तर तेवढी भिंत तशीच राहू द्या. देवाला चालतं. पाहुण्यांनाही चालवून घ्यावं लागेल.

दुसरा प्रश्न, डॉक्टरांनी मुलाला पंप दिलाय, त्याची सवय लागते का? नाही. पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडंसंच पुरतं. लहान मुलाला तो नळकांड्यातून, म्हणजे स्पेसर लावून द्यायचा असतो, तो कसा द्यायचा हे डॉक्टरांकडून समोर करून घ्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरा प्रश्न, दवाखान्यात कधी न्यायचं? मूल शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास होत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळे पडताहेत, मूल पीत नाही, बोलता येत नाही, असं असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. सगळा खोकला भिंतीच्या माथी मारू नका.

गटाने काय करावं?

हे एकटीचं काम नाही. पुढच्या बैठकीत एक गोष्ट ठरवा. गटातल्या ज्या घरांत पाच वर्षांखालचं मूल आहे, तिथे दोघी-दोघींनी जाऊन मूल झोपतं त्या जागेची भिंत बघायची, प्लास्टिक लावून यायचं, आणि बाहेरून घराला एक फेरी मारायची. सोबत आशाताईंना घ्या. मे महिन्याच्या बैठकीत पन्हळ, बाहेरचा गिलावा, कौलं चाळणं यासाठी अंतर्गत कर्जाचा विषय ठेवा. रंगासाठी कर्ज काढतो, पन्हळीसाठी काढत नाही, हे उलटं आहे. रस्ता उंच झाल्यामुळे किंवा गटार तुंबल्यामुळे तुमच्या जोत्याशी पाणी येत असेल, तर ते तुमच्या एकटीचं दुखणं नव्हे. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडा.

आमच्या घरी काय झालं ते सांगून थांबते. त्या दिवाळीनंतर गवंड्याने अंगणाचा उतार फोडून उलटा केला, पन्हळ लावली, ऑइलपेंट खरवडला. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली आणि मेमध्ये चुना दिला. पोराची गादी पूर्वेकडे गेली. पुढच्या पावसात कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आला, तो पुसला. पोराचा खोकला साफ गेला असं मी सांगणार नाही. त्याला दमा आहे, पंप अजून आहे. पण रात्री दोन वाजता उठून बसणं थांबलं. आता तो शाळेत जातो, धावतो.

आणि मी जावेची माफी मागितली, जिच्यासमोर ते वाक्य बोलले होते त्या सगळ्या बायकांसमोर. ती हसून म्हणाली, "ताई, आता गणपतीला रंगाचे पैसे वाचले, त्यातून मला चांगली साडी घ्या." घेतली.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर मुलाच्या उशाशी भिंतीला हात लावून बघा. हाताला गार आणि ओलसर लागलं, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा, पायात चप्पल घाला आणि घराच्या मागे जा.